आठ वाजताचा इन्स्पेक्टर आणि मी

...नाही नाही, आज मधे कुणी बोलायचं नाही, आज मी बोलणार आहे! सव्वीस वर्षं झाली मला हवालदारकीत, सव्वीस वर्षं मी फक्त विचारत आलोय, नाव काय, वय काय, राहायला कुठे, घरी कोण कोण, आणि लोक उत्तरं देत आलेत. आज एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो आणि त्याचं उत्तर कुणीतरी छातीवर हात ठेवून द्या. पोलिसानं रडायचं असतं का हो?

हसू नका. ती आठ वाजताची सिरीयल बघता ना तुम्ही? बघताच! अख्खं गाव बघतं, आमच्या घरी तर त्या वेळात कुणी शिंकलं तरी माझी बायको असं बघते की शिंक अर्ध्यातून परत जाते. खुनाची सिरीयल आहे म्हणे. दर आठवड्याला एक मुडदा, आणि मग तो इन्स्पेक्टर येतो. आता इन्स्पेक्टर आला की त्यानं काय करावं? आधी लोकांना मागं सारावं, जागेचं माप घ्यावं, पंच शोधावेत, पंचनामा लिहायला बसावं. हा काय करतो? हा मुडद्याकडे बघतच नाही! हा बघतो त्या मेलेल्याच्या आईकडे. मग टोपी काढतो. मग, खोलीत चांगल्या चार खुर्च्या रिकाम्या असताना, जाऊन जमिनीवर बसतो तिच्याशेजारी. आणि मग याचा खालचा ओठ थरथरतो... अरे, तुझा ओठ थरथरेपर्यंत खुनी दोन स्टेशनं पुढे गेला ना! आणि मागे ते व्हायोलिन. बायको पदर डोळ्याला लावते आणि टीव्हीकडे बघतच मला म्हणते, "बघा. जरा बघा. माणूस बघा."

म्हणजे मी कोण? कपाट?

मुलगी कॉलेजला आहे, ती तर एकदा सरळ विचारती झाली, "बाबा, तुम्ही ड्यूटीवर कधी रडलायत का?" मी म्हटलं, "मी रडायला लागलो तर फिर्यादीचं कोण लिहून घेईल?" तर मायलेकींनी एकमेकींकडे असं बघितलं... तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी मला आरोपीच्या पिंजऱ्यातूनसुद्धा बघितलेलं नाही.

बरं, ते राहू द्या. एका मंगळवारची गोष्ट. सकाळचे साडेअकरा, साहेब बंदोबस्ताला गेलेले, ठाण्यात मी आणि टेलिफोन. टेलिफोन वाजला. हॉस्पिटलमधून. "एक म्हातारा आमच्या स्टोअररूममध्ये शिरलाय आणि आतून दार लावून बसलाय, या लवकर." मला वाटलं, आता म्हातारा माणूस, शिरला असेल, चार शब्द दटावून बोललो की येईल बाहेर, जाता जाता बायकोच्या गोळ्यापण घेता येतील तिथल्याच दुकानातून. आरामात गेलो हो! हात हलवत गेलो!

तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पुढे, लांबलचक बोळ, आणि बोळाच्या टोकाला एक राखाडी लोखंडी दार. दारासमोर तिघं उभे. एक तिथल्या मोठ्या सिस्टर, म्हणजे सगळ्या वॉर्डाची जबाबदारी असलेल्या, हातात घड्याळ धरून. मनगटावर नाही, हातात! दुसरा तिथला दुरुस्तीचा मिस्त्री, स्क्रू-ड्रायव्हर हातात आणि चेहरा उतरलेला. आणि तिसरा काउंटरवरचा कारकून, तो नुसताच घामाघूम.

मी म्हटलं, "काय हो, एवढ्याशा गोष्टीला पोलीस कशाला?"

सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत काय आहे माहितीय?"

"म्हातारा."

"आणि ऑक्सिजनचे सिलिंडर. सगळे. वर माझे पाच पेशंट ऑक्सिजनवर आहेत, जे सिलिंडर लागलेत त्यांचा काटा खाली आलाय, बदलायची वेळ झालीय, आणि बदलायचे ते या दाराच्या आत आहेत. दुसरीकडून मागवलेत, गाडीला दीड तास. माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत."

तुम्हाला सांगतो, हात हलवायचे थांबले माझे.

मी म्हटलं, पेशंट हलवा. त्या म्हणाल्या, "हलवायलापण सिलिंडर लागतो." मी म्हटलं, दार कापा. तर मिस्त्री माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी आगपेटी मागितली. "साहेब, आत ऑक्सिजन आहे. एक ठिणगी उडाली तर दार राहणार नाही, मी राहणार नाही, तुम्ही तर नाहीच नाही." बरं, मग कुलूप उघड ना बाबा! तर म्हणतो, "हे कुलूप आतून लावलं की बाहेरून उघडत नाही." मी म्हटलं, असं कुठलं कुलूप असतं? कुणी बसवलं हे गाढवासारखं?

मिस्त्रीनं दाराकडे बोट केलं. "तेच आत बसलेत."

आता बोला! गावातली अर्धी कुलपं ज्यानं बसवली तो कुलूपवाला म्हातारा, कुलूपवाले काका म्हणतात सगळे त्यांना, तोच दाराच्या आत! म्हणजे चोर आत असेल तर कुलूपवाल्याला बोलवावं, पण कुलूपवालाच आत असेल तर काय त्याच्या बापाला बोलवावं?

मी आपला नेहमीचा आवाज काढला. दारावर दोन थापा. "ए! पोलीस आहे! दार उघड!" शांतता. "सरकारी कामात अडथळा होतोय, कलमं लागतील!" शांतता. मग दाराला अगदी खाली, जमिनीलगत, चार बोटांची जाळी आहे हवेसाठी, त्या जाळीतून आवाज आला, अगदी थंड, "हवालदार दिसताय. आवाजावरून कळलं. तो कधी असा बोलत नाही."

"तो कोण?"

"आठ वाजताचा."

मला सांगा... मला सांगा, माझ्या नशिबात काय लिहून ठेवलंय? घरी तो, आणि लोखंडी दाराच्या मागेपण तोच!

मी खाली वाकलो, जाळीशी तोंड नेलं, म्हटलं, "काका, तुम्हाला कल्पना नाहीये, आत सिलिंडर आहेत, वर पाच पेशंट आहेत, चाळीस मिनिटांत..."

"सदतीस!" मागून सिस्टर.

"सदतीस मिनिटांत त्यांचा श्वास बंद होईल!"

तर आतून म्हातारा काय म्हणावा? "बारावा भाग. त्यातही पोलीस असंच खोटं सांगून दार उघडायला लावतात. मग चौघं आत घुसतात. तो इन्स्पेक्टर मात्र तसं करत नाही, तो त्या पोलिसांवर रागावून निघून जातो. मला फसवू नका."

विश्वासच नाही हो! जिवंत पाच माणसं वर कासावीस, आणि हा बारावा भाग सांगतोय. मी कारकुनाला बाजूला घेतलं, खांदा धरूनच घेतला जरा, म्हटलं, "आता खरं बोल. काय झालं?" कारकून म्हणाला, तीन आठवड्यांपूर्वी काकांची बायको इथं वारली. त्या वेळी ते इथं नव्हते. तेव्हापासून दर दोन दिवसांनी येतात आणि एकच विचारतात, शेवटी काय झालं ते सांगा. "मी काय सांगणार साहेब? मी फॉर्म देतो. आज नववी खेप होती. मागे एवढी रांग. मी म्हटलं, आजोबा, झालं ते झालं, बाजूला व्हा, पुढचा नंबर." एवढं झालं आणि ते शांतपणे जिना उतरले, दार उघडं होतं, आत गेले.

"पुढचा नंबर म्हणालास?"

"रांग होती हो साहेब..."

मी त्याला काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे कळेल.

सिस्टर म्हणाल्या, "एकतीस."

आता मी काय केलं ते सांगतो, पण हे ठाण्यात कुणाला सांगू नका. मी बायकोला फोन लावला. फोन उचलल्याबरोबर म्हणाली, "गोळ्या घेतल्या का?" मी म्हटलं, "गोळ्या राहू देत, तो तुझा इन्स्पेक्टर अशा वेळी काय बोलतो ते सांग पटकन!" तर म्हणते कशी, "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?" मी सगळं एका दमात सांगितलं, म्हातारा, कुलूप, सिलिंडर, पाच पेशंट. आणि मानलं पाहिजे हो बाईला! एक आढेवेढे नाहीत, एकदम साहेबासारखा आवाज, "आधी टोपी काढा."

"काढली."

"खोटं बोलू नका. काढा."

काढली. हिला दिसतं कसं?

"आता खाली बसा. वाकू नका, बसा. मांडी घालून. आणि म्हणा, तुमच्या दुःखाचं माप घ्यायला माझ्याकडे पट्टी नाही."

मी बसलो. त्या बोळात, फिनेलच्या वासात, खाकी पँटनं, मांडी घालून. एक हात फोनला, एक हातात टोपी. येणारेजाणारे बघतायत, एका बाईनं तर, मी कुणी नातेवाईक आहे समजून, जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि मी जाळीत तोंड घालून म्हटलं, "काका, तुमच्या दुःखाचं माप घ्यायला माझ्याकडे पट्टी नाही."

आतून आवाज आला, "एक्केचाळिसावा भाग. आणि दुःखाचं नाही, वेदनेचं. तो वेदनेचं म्हणाला होता."

बायकोला ऐकू गेलं! फोनमधून म्हणते, "हो हो, बरोबर आहेत ते, वेदनेचंच होतं, माझीच चूक." ही कुणाच्या बाजूनं आहे?

"दुसरं सांग!"

"म्हणा, मी इथं पोलीस म्हणून आलो नाही, एक माणूस म्हणून आलोय."

"काका, मी इथं पोलीस म्हणून..."

"सत्ताविसावा," म्हातारा म्हणाला. "हवालदार, बायकोला विचारून बोलताय ना? माझीपण अशीच मला सांगायची, काय बोलायचं ते. आम्ही दोघं एकत्र बघायचो. एकही भाग चुकवला नाही. आता तीन आठवड्यांचे तेवढे..."

सिस्टर म्हणाल्या, "बावीस." यावेळी ओरडल्या नाहीत. हळू म्हणाल्या. ते जास्त वाईट, सांगतो तुम्हाला. ओरडणारं माणूस बरं.

मी फोन बंद केला. टोपी मांडीवर ठेवली. म्हटलं, "काका, मला सिरीयलमधलं येत नाही. मला सरळ सांगा, तुम्हाला काय पाहिजे?"

तेव्हा म्हाताऱ्यानं सांगितलं. त्या दिवशी बायको म्हणाली, माझा चष्मा घरी राहिला, घेऊन या, संध्याकाळी फोनवर आपण दोघं आठची बघू. हे म्हणाले, आठच्या आत येतो. घरी गेले. चष्मा घेतला. निघताना दाराला कुलूप लावायला गेले, आणि किल्ली अडकली. फिरेना आणि निघेना. "हवालदार, पन्नास वर्षं मी लोकांची कुलपं उघडली, आणि त्या दिवशी माझ्याच घराच्या कुलपानं मला वीस मिनिटं धरून ठेवलं. घर सताड उघडं टाकून यायचं सुचलंच नाही मला. कुलूपवाला ना मी! मी इथं पोचलो तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. खाटेवरची गादी दुमडलेली. एकानं तिच्या चपला माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, इथं सही करा. मला एवढंच पाहिजे, कुणीतरी मला सांगावं, आठ वाजल्यानंतर ती किती वेळ माझी वाट बघत होती. त्या वीस मिनिटांत तिनं काय केलं. रागावली का. बस्स. त्याला फॉर्म आहे का?"

कारकून भिंतीकडे तोंड करून उभा. आणि मला... मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणणार होतो, काका, दार उघडा, चौकशी करतो. तेच आलेलं तोंडावर, सव्वीस वर्षांची सवय. पण बाहेर भलतंच पडलं.

मी म्हटलं, "काका, सही करा म्हणणारा तो माणूस मीच आहे."

"तुम्ही नव्हता तो."

"त्या दिवशी नव्हतो. पण तोच आहे. अकरा वर्षांपूर्वी एका बाईकडे गेलो होतो. तिचा मुलगा कारखान्यातून घरी येताना सायकलवर... ट्रकनं. मी जिना चढून गेलो, ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, ओला शर्ट हातात, त्याचाच असणार. मी दारातूनच नाव विचारलं, वय विचारलं, म्हटलं, बॉडी ओळखायला चला, ओळखपत्र बरोबर घ्या. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं. म्हणाली, तो जेवला होता का? मी म्हटलं, बाई, ते आम्हाला कसं माहीत असणार?"

आणि तुम्हाला सांगतो, इथपर्यंत माझा आवाज ठीक होता. चांगला खणखणीत होता.

"काका, मला माहीत होतं. पंचनामा मीच लिहिला होता. सायकल एक, चप्पल एक, डबा स्टीलचा, तीन कप्प्यांचा, रिकामा. रिकामा, काका! माझ्या अक्षरात लिहिलंय. तो जेवला होता. सगळं संपवलं होतं त्यानं. मला फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर. आणि मी म्हटलं, आम्हाला कसं माहीत असणार. जिना उतरताना आठवलं मला. अर्ध्या जिन्यात उभा राहिलो. परत वर गेलो नाही. मागे दुसरा कॉल होता. अकरा वर्षं झाली, रोज डबा उघडताना..."

आणि फुटलो. असा फुटलो की लाज वाटावी. त्या इन्स्पेक्टरचं कसं, डोळ्यात एक थेंब येतो, गालावर मधोमध थांबतो, दिवा त्याच्यावर पडतो. माझं तसं काही नाही! नाक वाहतंय, उचकी लागलीय, तोंडातून ते गाईसारखे आवाज, रुमाल सापडत नाही म्हणून टोपीनं तोंड पुसतोय... सरकारी टोपीनं! ठाण्याचा हवालदार, दवाखान्याच्या बोळात, मांडी घालून, तीन साक्षीदारांसमोर. व्हायोलिन नाही, काही नाही, एक्स-रेच्या खोलीतून आवाज येतोय फक्त, "श्वास घ्या... रोखून धरा... सोडा."

पोलिसानं रडायचं असतं का हो?

म्हातारा जाळीशी आला, आवाज अगदी जवळ, माझ्या कानाशी. "हवालदार."

मी उचकी देऊन म्हटलं, "काय?"

"हे कुठल्याच भागात नाहीये."

"नाहीये."

"म्हणजे ते पेशंटचंपण..."

"खरंय काका. आईशपथ खरंय."

खटक, खटक, आणि एक मोठा खटका. तीन वेळा फिरायचं ते कुलूप, पक्कं काम होतं हो म्हाताऱ्याचं! दार उघडलं. पांढऱ्या शर्टातला, वाळकुडा, माझ्या खांद्याएवढा माणूस. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही, सिस्टरच्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि तुम्हाला सांगतो, तो असा पांढराफटक पडला... "खरंच आहेत? वर खरंच पाच आहेत?" सिस्टर म्हणाल्या, "नऊ मिनिटं," आणि आत धावल्या.

मग काय झालं ते मला नीट सांगतापण येणार नाही. ढकलगाडीचं एक चाक वाकडं. मिस्त्री पुढून ओढतोय, मी आणि कुलूपवाले काका मागून ढकलतोय, म्हातारा सत्तरीचा पण जोर असा की मीच मागे पडत होतो, लिफ्ट वर गेलेली, मिस्त्री बटण दाबतोय, दाबतोय, काका ओरडले, "जिन्यानं!" जिन्यानं? सिलिंडर उचलून? उचलला! चौघांनी उचलला, कारकूनसुद्धा आला, तोंडातून शब्द नाही, खालची बाजू त्यानं धरली, म्हणजे जड बाजू. एक, दोन, पायऱ्या मोजत. वॉर्डात पोचलो तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजीची मान मागे गेलेली, सिस्टर पिशवी दाबून दाबून हवा देतायत. मिस्त्रीनं नळी जोडली, चावी फिरवली, फस्स झालं, काटा वर. आम्ही सगळे त्या आजीच्या छातीकडे बघतोय. वर... खाली. वर... खाली. मग आजीनं डोळे उघडले, आम्हा घामाघूम लोकांना बघितलं आणि नळीतून पहिलं वाक्य बोलली, "एवढी माणसं कशाला? मी गेले की काय?"

उरलेले चार सिलिंडर लिफ्टनं वर आले, जोडले, आणि मग काका त्या वॉर्डात प्रत्येक खाटेशी गेले. पाचही. हात जोडून, माफ करा, मला माहीत नव्हतं. एकाला तर झोपेतून उठवून माफी मागितली, त्याला काही पत्ताच नव्हता, तो म्हणाला, बरं बरं.

मग सिस्टरनी त्या डॉक्टरला बोलावून आणलं, जी त्या संध्याकाळी ड्यूटीवर होती. तरुण डॉक्टरीण, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, डोळ्यांखाली काळं, दोन दिवस झोप नाही असं दिसतच होतं. दारात उभी राहिली. काकांना बघितलं. इकडेतिकडे बघितलं. स्टूल होतं, खुर्ची होती. ती आली आणि खाटेच्या कडेला, काकांच्या शेजारी, बसली. हीपण आठची बघते की काय, माझ्या मनात आलं, पण नाही, ती फक्त दमली होती.

म्हणाली, "मला आठवतायत त्या. त्यांनी मला विचारलं, आठ वाजले का? मी म्हटलं, नाही आजी, अजून अवकाश आहे. त्या म्हणाल्या, मग येतीलच. आमचे हे वेळेला पक्के आहेत. आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. हात धरून बघितला, तर नाडी नव्हती."

काकांनी विचारलं, "किती वाजले होते?"

"सात चाळीस. मीच लिहिलंय कागदावर."

"सात चाळीस?"

"सात चाळीस."

"म्हणजे आठ वाजलेच नव्हते."

"नव्हते वाजले, आजोबा. तुम्हाला उशीर झालाच नव्हता."

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसरी केस आली आणि..." आणि त्यापण! आता तिथं काय सांगू तुम्हाला, काका रडतायत, डॉक्टर रडतेय, कारकून दारामागे, सिस्टर घड्याळ पुसतायत, काचेवर काही नसताना, आणि मी तर आधीच टोपी ओली करून बसलेला. पाच पेशंट आळीपाळीनं आमच्याकडे बघतायत. पेशंटच तेवढे कोरडे!

तक्रार झालीच नाही. हॉस्पिटलवाल्यांनी अर्ज लिहायला घेतला होता, सिस्टरनी त्यांच्या हातून पेनच काढून घेतलं. काका दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आले आणि ते कुलूप बदलून गेले, आता बाहेरूनपण उघडतं. आणि मी? मी त्या बाईकडे गेलो. हो, अकरा वर्षांनी. घर तेच, केस पांढरे झालेले. मी म्हटलं, "बाई, तो जेवला होता. डबा रिकामा होता." तिनं मला ओळखलं. म्हणाली, "सगळा?" मी म्हटलं, "सगळा." तिनं मान हलवली, दोनदा, आणि दार हळूच लावून घेतलं. बस. आत बोलावलं नाही, आणि बोलवावं असं मी काही केलंही नव्हतं.

आता अहवाल. अहवालात एक रकाना असतो, कोणती कारवाई केली. काय लिहू? रडलो, असं लिहू? मी लिहिलं, चर्चेद्वारे मार्ग काढला. साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "सिस्टरचा फोन आला होता मला." मेलो! म्हटलं, आता मेमो. पण साहेब म्हणाले, "असं करा, यापुढे आपल्या ठाण्यातून कुणाच्या घरी वाईट बातमी द्यायची असेल तर तुम्हीच जात जा. तुम्हाला जमतं."

मला जमतं! सव्वीस वर्षांत साहेबानं पहिल्यांदा म्हटलं मला काहीतरी जमतं, आणि ते हे!

जातो आता. महिन्यातून तीन-चार वेळा तरी. दारात उभा राहतो, टोपी काढतो. आत जातो, नीट सांगतो, जे माहीत आहे ते सगळं सांगतो, विचारलं त्याचं उत्तर देतो, घाई करत नाही. ते जमिनीवर बसलेले असले तर मीपण त्यांच्याशेजारी जमिनीवर बसतो. ते रडतात. मग मीपण... होतंच. पोलिसानं रडायचं असतं का हो? नसेल. पण होतं.

त्याचं काही नाही. पण बसल्यावर मला उठता येत नाही हो! त्रेपन्न वर्षांचे गुडघे, वर हे पोट, वर हा पट्टा! परवा तर मी एक हात जमिनीला टेकवून दोनदा प्रयत्न केला, आणि शेवटी ज्या बाईचा नवरा गेल्याची बातमी मी घेऊन गेलो होतो, ती बिचारी डोळे पुसत उठली, तिच्या दिराला म्हणाली, "धरा हो यांना तिकडून," आणि दोघांनी मिळून, ज्यांच्यावर आभाळ कोसळलंय त्या दोघांनी, मला बगलेत हात घालून उभा केला, पाणी दिलं, जिन्यापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, "सावकाश जा, काळजी घ्या."

आता मला सांगा, आठ वाजताचा तो इतक्यांदा बसतो खाली, उठताना कधी दाखवलाय का त्याला?